थांबा, तिचं व्हायचंय

चंदनशिवे बाईंचं वाक्य मधेच कुणी पूर्ण केलं, तर त्या ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. रागवायच्या नाहीत, आवाज चढवायच्या नाहीत. समोरचा काही बोललाच नाही असं धरून शांतपणे परत पहिल्या शब्दावर यायच्या. आणि मी पडलो दुसऱ्याच्या तोंडातून शब्द ओढून घेणारा. समोरचा ‘जरा’ म्हणाला की ‘पाणी देऊ का?’ हे माझ्या तोंडून निघून जातं. बायकोनं यावरून माझ्याशी अबोला धरून पाहिला, उपयोग झाला नाही. तेव्हा आमची पहिली भेट किती लांबली असेल याची कल्पना करा.

नव्वदीची ती मधली वर्षं. मी मूळचा बारामतीचा, पण बारामतीत तोवर गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते, म्हणून इंदापुरात येऊन तहसील कचेरीच्या रस्त्याला खतांच्या दुकानाच्या माडीवर मी माझा क्लास थाटला होता. खालून युरियाचा वास, वर तीन कॉम्प्युटर, खिडक्यांना जाड पडदे आणि दारात चपलांचा ढीग. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून गेलं की कॉम्प्युटर बिघडतो असं तेव्हा सगळेच मानत. मीही मानायचो, उगाच खोटं कशाला बोला.

एका दुपारी बाई जिना चढून आल्या. उंच, सडसडीत, पदर कमरेला घट्ट खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात स्टीलचा डबा. म्हणाल्या, “मला एक प्रोग्राम”

“शिकायचाय? बेसिकची बॅच सकाळी असते.”

“मला एक प्रोग्राम”

“विकत हवाय? इथं मिळणार नाही. पुण्याला जावं लागेल.”

बाईंनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढून बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की माझ्याजवळचं बोलणं संपलं. मग म्हणाल्या, “मला एक प्रोग्राम करून घ्यायचाय. एका मुलीसाठी. तिला बोलता येत नाही, हातात पेन्सिल धरता येत नाही, आणि सगळ्यांना वाटतं तिला काही कळतही नाही.”

एवढं बोलून त्या गेल्या. ‘करून द्याल का’ असं विचारलंसुद्धा नाही. मी टेबलाकडे पाहिलं तर डबा तिथंच. उघडून पाहिला हे कबूल करतो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. तो डबा परत द्यायला म्हणून मी संध्याकाळी त्यांच्या शाळेत गेलो आणि तिथून जो अडकलो तो अडकलोच.

ती मतिमंद मुलांची शाळा. तेव्हा पाटीवर तोच शब्द असायचा. एस.टी. स्टँडच्या मागं पत्र्याच्या चार खोल्या, पुढं लिंबाचं झाड, बाजूला वसतिगृह. बाईंचं माहेर वरकुट्याचं. वडील छपन्न साली दीक्षा घेतलेल्यांतले, शेती करणारे, मुलीला शिकवायचंच म्हणून हट्टाला पेटलेले. बाईंचे यजमान पोस्टात. एवढीच माहिती मला त्यांच्याबद्दल होती, आणि त्यापेक्षा जास्त त्यांनी आपण होऊन कधी सांगितली नाही. डबा मात्र सांगायचा सगळं. त्या जिथं जातील तिथं तो विसरायच्या. बँकेत, दवाखान्यात, भाजीवाल्याच्या पाटीजवळ. इंदापुरात निम्म्या लोकांनी कधी ना कधी तो डबा शाळेत पोचवलेला होता. डब्यावर नाव घातलेलं होतं, पण ते वाचायची गरज कुणाला पडत नव्हती.

त्या संध्याकाळी मी रंजूला पहिल्यांदा पाहिलं. नऊ-दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, उशांच्या आधारानं बसवलेली. जन्मताना श्वास अडकला आणि सगळं अंग आखडून गेलं. मान डोलायची, हात आपल्या मर्जीनं वर जायचे, तोंडातून लाळ गळायची. बोलायला गेली की फक्त घशातून एक लांब आवाज यायचा. बाप ज्ञानदेव, पिंपळीतल्या एका बागायतदाराचा ट्रॅक्टर चालवायचा. घरी आई दिवसभर रानात, म्हणून पोरगी इथं वसतिगृहात.

मी बाईंना सरळच विचारलं, हिला कळतं हे तुम्हाला कशावरून कळलं? बाईंनी मी आणलेला डबा घेतला, कपाटावर ठेवला आणि ‘येते हं’ म्हणून दाराबाहेर गेल्या. त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं आणि रंजू खिदळायला लागली. अंग वाकडं करून, डोळे कपाटाकडे लावून, मनसोक्त. बाकीची पोरं आपापल्या उद्योगात होती. बाई परत आल्या, डबा उचलला आणि म्हणाल्या, “रोज हसते. मी विसरले हे मला कळायच्या आधी तिला कळतं. हे मी लोकांना सांगते, तर लोक म्हणतात पोरगी उगाच हसते.”

आणि मग त्यांनी मला खरी अडचण सांगितली. वसतिगृहात जागा थोड्या, दारात उभी असलेली मुलं जास्त. म्हणून संस्थेचा नियम होता की ज्या मुलात ठरलेल्या मुदतीत काही प्रगती दिसत नाही, त्याला घरी पाठवायचं आणि जागा दुसऱ्याला द्यायची. वर्षाच्या शेवटी पुण्याहून एक मॅडम तपासणीला यायच्या. रंजूला एकदा मुदत वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. घरी पाठवली की पिंपळीत पत्र्याखालची खाट आणि दिवसभर एकटीनं वर बघत पडणं, एवढंच तिच्या नशिबी होतं. बाईंनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, पण सांगताना त्या रंजूची वेणी सोडून परत घालत होत्या. वेणी आधीच नीट होती.

शाळेत कॉम्प्युटर होता. एका कारखान्याच्या ऑफिसात नवीन आले तेव्हा जुना या शाळेला मिळाला होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, मखमली कापडाखाली झाकलेला. मुख्याध्यापकांना सगळे अण्णा म्हणत. माणूस प्रेमळ, पण भित्रा. पोरांची लाळ पडेल, पोरं बटणं उपटतील म्हणून त्यांनी त्या यंत्राला कुणाचा हात लागू दिला नव्हता. अशातच खंडेनवमी आली. अण्णांनी शाळेतला विळा, खराटा, शिपायाची सायकल आणि कॉम्प्युटर यांची यथासांग पूजा केली. फ्लॉपी घालायची फट दिसली, त्यांना वाटलं हेच याचं तोंड. तिथं हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडूच्या पाकळ्या. दुसऱ्या दिवशी यंत्र फ्लॉपी वाचेना. मला बोलावणं आलं. मी चिमट्यानं पाकळ्या काढत होतो, अण्णा घामाघूम होऊन उभे होते, आणि बाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

बाई स्वतः असल्या पूजेतल्या नव्हत्या. पण त्या अण्णांना हसल्या नाहीत. मी गेल्यावर हसल्या असतील. एवढंच म्हणाल्या, “अण्णा, तुम्ही त्याची एवढी काळजी घेता, तरी बिघडलाच. आता पोरांनी बिघडवला तरी काय वाईट?” मखमली कापड निघालं, आणि पुढं त्याचा रंजूच्या मानेखाली घ्यायला उपयोग झाला.

प्रोग्राम करायचा ठरला, पण रंजूनं की-बोर्ड वापरायचा कसा? तिची मूठ पडायची तेव्हा पाच-सहा बटणांवर एकदम पडायची. बाई म्हणाल्या, एकच बटण द्या, मोठं द्या, आणि आदळलं तरी मोडणार नाही असं द्या. मी पुण्यात चौकशी केली. असलं काही मिळत नाही म्हणाले. ज्ञानदेव त्या दिवशी उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याकडे चालला होता, लेकीला बघायला वाटेत थांबला होता. तो आमचं बोलणं दारातून ऐकत होता. काही न बोलता बाहेर गेला आणि थोड्या वेळानं आला तो हातात ट्रॅक्टरच्या हॉर्नचं बटण घेऊन. काळं, वाटीएवढं, मागं दोन वायरी लोंबणारं.

“ह्ये चालंल का बगा,” म्हणाला. “ह्याच्यावर मी गुद्दं घालतूय, मोडत न्हाय.”

ट्रॅक्टर त्या हंगामात हॉर्नशिवाय फिरला. ज्ञानदेव वळणावर ओरडत जायचा असं ऐकलं. मी एक जुना की-बोर्ड उघडला, स्पेसबारच्या खालच्या दोन टोकांना त्या वायरी डाग देऊन जोडल्या आणि बटण एका फळीवर बसवून रंजूच्या डाव्या मुठीखाली दिलं. तिनं मूठ आपटली. टक्. पडद्यावरची चौकट हलली. तिनं पुन्हा आपटली, पुन्हा हलली. नंतर अर्धा तास आम्हाला त्या बटणावरून तिला उचलताच येईना.

माझा पहिला प्रोग्राम साधा होता. पडद्यावर चार चित्रं, त्यांच्याभोवती एक चौकट आळीपाळीनं फिरायची. बाई विचारायच्या, गाय कुठली? चौकट गाईवर आली की मूठ आपटायची. उत्तर बरोबर आलं तर चांदणी. चुकलं तर एक विदूषक यायचा, भोकाड पसरायचा आणि कॉम्प्युटर रडका सूर वाजवायचा. तो विदूषक मी रेषा आणि वर्तुळं जोडून काढला होता आणि झकास जमला होता, हे मी आजही म्हणतो. गाय मात्र खाटेसारखी दिसायची.

अण्णांना दाखवायचा दिवस ठरला. बाईंनी दहा प्रश्न विचारले. रंजूनं दहाच्या दहा चुकवले. विदूषक दहा वेळा रडला. बाकीची पोरं गोळा झाली, त्यांना पण खेळायचं होतं. जे आलं त्यानं चुकीचंच दाबलं. अण्णांचा चेहरा पडला. माझा त्याहून जास्त. अण्णा हळूच म्हणाले, “बाई, शून्यच की हो.”

बाई मात्र खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. “अण्णा, शून्य कसं येईल?” म्हणाल्या. “डोळे मिटून आपटलं असतं तरी दोन-तीन बरोबर आली असती. एकही बरोबर न येण्यासाठी सगळी उत्तरं माहीत असावी लागतात. तिला विदूषक बघायचाय.”

मी चमकलो. खरंच होतं ते. चांदणी नुसती लुकलुकायची, विदूषकाची मजा होती. कोणतं शहाणं पोर चांदणी मागेल? त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विदूषक काढून टाकला. चुकलं तर काहीच होऊ नये, चौकट पुढं फिरत राहावी, असं बाईंनी सांगितलं. आणि बरोबर आलं तर? मी काड्यांची एक उंच बाई काढली. ती तरातरा चालत पडद्याबाहेर जाते आणि मागं डबा राहतो. रंजूनं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हसता हसता उशांवरून घसरली. मग एकेक उत्तर बरोबर यायला लागलं. बाई म्हणाल्या, “माझं नाक एवढं लांब नाही.” बाकी काही म्हणाल्या नाहीत. डबा त्या दिवशीही विसरल्याच.

चित्रांनंतर अक्षरं. त्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. बाईंनी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून एकेक अक्षर काढायचं, मी चौकोन बघून ते मशीनमध्ये भरायचं. क ला गोलाई येईना, ळ तर आम्हा दोघांनाही रडवून गेला. शाळा सुटल्यावर लिंबाखाली बसून हे चालायचं. बाईंनी ती सगळी अक्षरं एका पुठ्ठ्यावर ओळीनं चिकटवून ठेवली होती. आधी ओळ निवडायची, मग त्या ओळीतलं अक्षर, असा प्रोग्राम ठरला. चौकट किती वेगानं फिरवायची यावर आमचं भांडण व्हायचं. मला घाई. एका शब्दाला इतका वेळ लागतो, बघणारा कंटाळेल, असं माझं म्हणणं. रंजूची मूठ उठायला, थरथरायला आणि खाली यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा चौकटीनं थांबलंच पाहिजे, असं बाईंचं. मी मधेच ओळखून शब्द सांगून टाकायचो. बाई माझ्याकडे न बघता म्हणायच्या, “थांबा. तिचं व्हायचंय अजून.”

हे वाक्य त्या शाळेत दिवसभर ऐकू यायचं. पोर बुटाची नाडी बांधत असेल, घास तोंडाशी नेत असेल, शिपाई पुढं झाला की बाईंचं ‘थांबा’ आलंच. शाब्बास, वा, छान असलं त्या कधी म्हणत नसत. पोराचं झालं की फक्त विचारायच्या, “पुढं?” पोरं त्या ‘पुढं’वर फुलायची.

एकदा मी वैतागून म्हणालो, बाई, तुमच्यात एवढा धीर आला कुठून? अक्षर रंगवता रंगवता त्या म्हणाल्या, “आमचे मास्तर वर्गात ओळीनं प्रश्न विचारत यायचे. माझ्यापाशी आले की पुढं जायचे. मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. नुसते पुढं जायचे. उत्तर मला यायचं.” आणि परत रंगवायला लागल्या. त्या एका वेळेला मी काही बोललो नाही हे बरंच झालं.

तपासणीचा दिवस उजाडला. पुण्याच्या मॅडम आल्या. स्वभावानं वाईट नव्हत्या, पण त्यांना दिवसभरात पुष्कळ मुलं बघायची होती. ज्ञानदेव मालकाची सुट्टी घेऊन आला होता, दाराशी टोपी हातात धरून उभा. त्याला या सगळ्यावर फारसा विश्वास नव्हता. आदल्या दिवशीच तो मला म्हणाला होता, “सर, बाईंची माया लई हाय, पर आमची पोर आमाला ठाऊक हाय.” त्यानं तिला न्यायला म्हणून घरून गोधडीसुद्धा आणली होती.

रंजूला बसवलं, बटण मुठीखाली दिलं, मी कॉम्प्युटर सुरू केला आणि वीज गेली.

इंदापुरात वीज जाण्यात नवल काहीच नव्हतं, पण मी उगाचच बटणं दाबत राहिलो. मॅडमनी घड्याळ बघितलं. बाईंनी मात्र कपाटामागचा अक्षरांचा पुठ्ठा काढला आणि रंजूपुढं धरला. म्हणाल्या, चौकटीऐवजी बोट फिरवू. बटणाला वीज लागत नाही, टक् आवाज येतोच. मॅडमनी मान हलवली. म्हणाल्या, बोट तुमचं असेल तर उत्तर पण तुमचं असू शकतं. हवं ते अक्षर आलं की तुम्ही नकळत थांबाल.

खरं होतं. बाईंनी मान डोलावली. मग पुठ्ठा ज्ञानदेवच्या हातात देऊन म्हणाल्या, “ज्ञानदेवराव, तुम्ही फिरवा. मी बाहेर जाते. प्रश्न तुम्हालाही कळायला नको.” आणि त्या खरंच लिंबाखाली जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. मॅडमनी पिशवीतून एक चित्र काढलं, ज्ञानदेवला दिसणार नाही असं रंजूपुढं धरलं, आणि ओळखायला सांगितलं.

ज्ञानदेवनं बोट फिरवायला घेतलं ते ट्रॅक्टर रिकामा पळवावा तसं. रंजूची मूठ वर यायच्या आत तो तीन ओळी पुढं गेलेला. टक् व्हायचं ते भलतीकडेच. दोनदा झालं, तीनदा झालं. रंजूच्या घशातून तो लांब आवाज यायला लागला, मान एका बाजूला ओढली गेली. मॅडम म्हणाल्या, असू दे, राहू दे आता. आणि चित्र खाली घ्यायला लागल्या.

“थांबा,” ज्ञानदेव म्हणाला. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं असावं. त्यानं घाम पुसला, लेकीच्या मुठीकडे बघितलं, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. या वेळी मुठीकडे बघत बघत फिरवलं. मूठ थरथरली की थांबायचा. टक्. मग त्या ओळीत आडवं. पुन्हा टक्. त्यानं मोठ्यानं वाचलं, ब. परत सुरुवात. खूप वेळ गेला. द. त्याला वाचता यायचं ते जेमतेम, म्हणून तो एकेक अक्षर बोटाखाली दाबून धरत होता. क.

“ब, द, क. बदक?” तो म्हणाला. “हितं बदक कुठनं आलं?”

मॅडमनी चित्र त्याच्याकडे फिरवलं.

ज्ञानदेव त्या बदकाकडे बघत राहिला. दहा वर्षांत लेकीनं बापाला सांगितलेला तो पहिला शब्द. मग तो तिथंच फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. रंजू त्याच्याकडे बघून हसत होती. मॅडमनी अजून चार चित्रं दाखवली, ती आता नियमासाठी नव्हती, त्यांनाच बघायची होती. बाहेर बाई अजून लिंबाकडे तोंड करून उभ्या होत्या. मी जाऊन सांगितलं, जमलं म्हणून. त्या वळल्या नाहीत. म्हणाल्या, “तिचं सगळं झालं का? मग येते.” गोधडी पिंपळीला परत गेली, रंजू राहिली.

पुढच्या वर्षी बाईंच्या यजमानांची लातूरकडे बदली झाली. त्यांना जायलाच हवं होतं, तिथंही अशीच एक शाळा निघत होती. पण शेवटचा महिनाभर बाई मला बऱ्या दिसल्या नाहीत. प्रोग्राम होता, बटण होतं, बाईंच्या जागी आलेल्या नव्या बाई शिकलेल्या होत्या. पण नव्या बाई रंजूचं पहिलंच अक्षर आलं की शब्द ओळखून मोकळ्या व्हायच्या. रंजूनं दोन-तीन दिवस मूठ आपटली आणि मग आपटायची सोडली. बाई मला म्हणाल्या, “सर, मशीन कुणीही चालवेल. मी गेल्यावर तिच्यासाठी थांबणार कोण?” मला तोंड भरून ‘मी’ म्हणावंसं वाटलं. पण मी कसा आहे ते आम्हा दोघांना माहीत होतं.

निघायच्या दिवशी आम्ही स्टँडवर गेलो. सोलापूरची गाडी, तिथून पुढं लातूर. सामान यजमानांबरोबर आधीच गेलेलं. अण्णा हार घेऊन आले होते, बाईंनी तो हातातच घेतला. ज्ञानदेव रंजूला खांद्यावर घालून आला होता. सगळे बाकावर बसलो. बाईंनी रंजूच्या वेण्या सोडून परत घातल्या. गाडी लागली, गर्दी उसळली, बाई चढल्या आणि दारातच वळून उभ्या राहिल्या. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

तेवढ्यात रंजूनं आवाज केला. तो घशातला, लांब. ज्ञानदेवनं तिच्याकडे पाहिलं, तिला गुडघ्यावर बसवलं, काखेतल्या पिशवीतून चार घड्या घातलेला पुठ्ठा काढला आणि खिशातून हॉर्नचं बटण. वायरी नुसत्याच लोंबत होत्या. बटण त्यानं तिच्या मुठीखाली धरलं.

“चला, टाइम झाला,” कंडक्टर म्हणाला.

ज्ञानदेवनं मान वर केली नाही. “थांबा मास्तर,” म्हणाला. “तिचं व्हायचंय अजून.”

कंडक्टरनं दोरी तशीच धरून ठेवली. ज्ञानदेवचं बोट ओळींवरून उतरायला लागलं. घाई नाही. मूठ उठली, थरथरली. टक्. आमच्या मनात सगळ्यांच्या एकच होतं, ती ‘बाई’ म्हणणार. खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. आडवं बोट सरकलं. टक्. ड.

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी ओठ घट्ट मिटून घेतले. बोट परत वर गेलं, परत उतरलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. टक्, आणि थोड्या वेळानं पुन्हा टक्. ब.

बाईंचा हात खांद्याच्या पिशवीकडे गेला आणि तिथंच थांबला. त्यांना कळलं होतं. मला पण कळलं होतं, आणि बाकावर माझ्या शेजारीच तो दिसत होता. पण बाई जागच्या हलल्या नाहीत. पायरीवर दांडी धरून, डोळे रंजूच्या मुठीवर लावून उभ्या राहिल्या. शेवटचं अक्षर यायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण रंजूला हसू आवरत नव्हतं.

आ.

“डबा,” ज्ञानदेव म्हणाला.

अख्खी गाडी हसली. बाई उतरल्या, बाकावरचा डबा उचलला, रंजूपुढं उकिडव्या बसल्या आणि तिच्या कपाळाला कपाळ लावलं. रडत होत्या, आणि डोळ्यांना पदर लावायचं भान नव्हतं. मग चढल्या, घंटी झाली आणि गाडी सुटली. हायवेकडे वळताना खिडकीतून एक हात बाहेर आला, त्यात डबा होता. पुन्हा विसरलेली नाही हे दाखवायला. बाईंना मी पाहिलं ते शेवटचं.

धूळ खाली बसली. अण्णा चहा घेऊ म्हणाले. मी ज्ञानदेवला हाक मारायला वळलो, तर तो तिथंच फरशीवर मांडी घालून बसलेला होता. त्यानं लेकीच्या तोंडावरची लाळ टोपीनं पुसली, बोट पुठ्ठ्याच्या पहिल्या ओळीवर ठेवलं आणि विचारलं, “पुढं?”